बळी तो कान पिळी, आणि डार्विन

स.न.वि.वि.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका असून सांगलीत राहते. माझा पुतण्या अभियंता आहे आणि नगरसेवकपदाच्या एका उमेदवारासाठी प्रचाराचा मजकूर लिहितो. गेल्या आठवड्यात त्याने एक पत्रक शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे दिले. त्यात असे वाक्य होते : ‘सक्षम तोच टिकतो, हा निसर्गाचा नियम डार्विनने सिध्द केला आहे, आरक्षण, फुकट धान्य आणि कर्जमाफी देऊन आपण निसर्गाच्या विरुद्ध चाललो आहोत.’ मी ‘सिध्द’चे ‘सिद्ध’ केले, पण पुढे हात चालेना. हे बरे वाटत नाही, असे म्हटले तर तो म्हणाला, ‘काकू, यात बरे-वाईट काही नाही, हे सायन्स आहे.’ तेवढ्यात आमचे यजमान बाहेर आले आणि म्हणाले की मुळात डार्विनच खोटा, माकडाचा माणूस होताना पाहिला आहे कोणी? आता पुतण्याला चूक म्हणायचे तर यजमानांच्या बाजूने बोलावे लागेल असे वाटते, आणि तेही मनाला पटत नाही. विज्ञान मी दहावीपर्यंतच शिकले. नेमके काय बोलावे, आणि ते पत्रक तपासून द्यावे की नाही?

– एक वाचक, सांगली

सप्रेम नमस्कार.

आपल्या घरातले दोघे डार्विनविषयी परस्परविरुद्ध बोलत आहेत असे वरकरणी दिसते, पण नीट ऐकले तर दोघांचा समज एकच आहे. समाज कसा चालवावा याविषयीचा काही हुकूम डार्विनच्या सिद्धांतात दिलेला आहे, असे दोघेही धरून चालतात. पुतण्याला तो हुकूम सोयीचा वाटतो म्हणून तो सिद्धांत उचलून धरतो. यजमानांना तो माणसाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारा वाटतो म्हणून ते सिद्धांतच नाकारतात. तसा हुकूम त्यात मुळीच नाही. सजीवांमध्ये बदल कसे होत आले, एवढेच तो सिद्धांत सांगतो. कृष्णेला पूर का येतो हे समजावून सांगणारा अभियंता ‘सांगली बुडू द्या’ असे सांगत नसतो. आपला पुतण्या स्वतः अभियंता आहे आणि २०१९ चा पूर त्याने पाहिला असेल. त्या वेळी ‘पाणी उताराकडे वाहते हा निसर्गाचा नियम आहे, आपण त्याच्या विरुद्ध जाऊ नये’ असे म्हणून तो सामान वरच्या मजल्यावर न्यायचा थांबला होता का, एवढे त्याला जरूर विचारा.

आपण मराठीच्या शिक्षिका आहात, तेव्हा या गोंधळाचे निम्मे मूळ शब्दांत आहे हे आपल्याला माझ्यापेक्षा लवकर पटेल. ‘सक्षम तोच टिकतो’ हे वाक्य आपल्याकडे ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीचे शास्त्रीय रूप म्हणून वापरले जाते. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा मूळ इंग्रजी शब्दप्रयोग डार्विनचा नाही; तो हर्बर्ट स्पेन्सर या तत्त्वचिंतकाने १८६४ मध्ये वापरला. डार्विनचा ग्रंथ त्याआधी पाच वर्षे, १८५९ मध्ये, प्रसिद्ध झालेला होता. त्यातला ‘नैसर्गिक निवड’ हा शब्द वाचून लोकांना वाटू लागले की कोणीतरी बसून निवड करत आहे. म्हणून स्पेन्सरचा शब्द घ्यावा, अशी सूचना निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस यांनी डार्विनला पत्राने केली आणि १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तो घेतला. एक गैरसमज टाळण्यासाठी स्वीकारलेल्या शब्दाने त्याहून मोठा गैरसमज जन्माला घातला, हे या इतिहासातले दुर्दैव म्हणावे लागेल. त्या शब्दातले ‘फिट’ हे व्यायामशाळेतले नव्हे, शिंप्याकडचे आहे. सदरा फिट बसला असे आपण म्हणतो तेव्हा तो सदरा बलवान आहे असे म्हणत नाही. त्या अंगाला तो बसतो, दुसऱ्याच्या अंगाला कदाचित बसणार नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. मराठीत त्याचे ‘योग्यतम’ झाले, आणि ‘योग्य’ म्हटले की लायकी आली, लायकी आली की हक्क आला. आपला ‘उत्क्रांती’ हा शब्दही निर्दोष नाही. ‘उत्कर्ष’ आणि ‘उन्नती’ यांच्यातला वर चढवणारा उपसर्ग त्याच्याही पाठीला बसलेला आहे, त्यामुळे उत्क्रांती म्हणजे शिडी आणि आपण तिच्या वरच्या पायरीवर, असे चित्र शब्द उच्चारताच उभे राहते. (संस्कृतात उत्क्रांती म्हणजे प्राण शरीर सोडून जाणे, असाही अर्थ आहे, तो आठवला की शिडीचा मोह थोडा कमी होतो.) प्रत्यक्षात पट्टकृमीच्या पूर्वजांना पचनसंस्था होती आणि पट्टकृमीला ती उरली नाही, दुसऱ्याच्या आतड्यात आयते पचलेले अन्न मिळत असल्यामुळे तिच्यावाचून त्याचे काही अडत नाही. उत्क्रांती ही अशी असते, वर जाणारी नव्हे, जागेला जुळत जाणारी.

पुतण्याला एखादे उदाहरण द्यायचे झाले तर आपल्याच राज्यातले द्यावे. नंदुरबार आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार बराच आढळतो. तो एका जनुकातल्या लहानशा बदलामुळे होतो. हा बदललेला जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, सांध्यांत असह्य कळा येतात आणि आयुष्य खुंटते. तो एकाकडूनच आला तर माणूस बहुधा धडधाकट राहतो, आणि त्याला जिवघेण्या मलेरियापासून बऱ्याच प्रमाणात संरक्षण मिळते. ज्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे हा जनुक टिकून राहिला तो याच कारणाने. आता यातला सक्षम कोण? मलेरियाच्या गावात वाहक सक्षम. डास नसलेल्या शहरात त्याला कसलाही लाभ नाही. आणि दोन वाहकांच्या पोटी आजारी मूल जन्मले तर त्या मुलाचा दोष काय? डार्विनच्या हिशेबात ‘सक्षम’ या शब्दाला एवढाच अर्थ आहे : विशिष्ट जागी, विशिष्ट काळी, कोणाची संतती अधिक उरली. पुतण्याच्या पगाराचा, त्याच्या परीक्षेतल्या गुणांचा आणि त्याच्या सदनिकेचा या हिशेबाशी काही संबंध नाही. काटेकोरपणे बोलायचे तर, ज्याला एकही मूल नाही असा कोट्यधीश कारखानदार डार्विनच्या वहीत शून्य आहे आणि चार मुले वाढवणारी त्याची मोलकरीण पुष्कळ पुढे. हे वाक्य पत्रकात छापायला तो तयार होईल का?

‘जीवनकलह’ या शब्दाचेही तेच. तो शब्द आपण व्यापक आणि आलंकारिक अर्थाने वापरत आहोत, असे डार्विनने स्वतः लिहून ठेवले आहे आणि वाळवंटाच्या काठावरचे रोप कोरडेपणाशी झगडते असे उदाहरण दिले आहे. त्या रोपाने कोणाचा कान पिळलेला नाही.

आता पुतण्या म्हणेल की शब्दांचा कीस काढून काय होणार, दुबळ्यांना पोसल्याने समाज दुबळा होतो हे तर खरे ना? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, कारण हा प्रयोग जगात करून झालेला आहे. डार्विनचा नातलग फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हा शब्द तयार केला. मराठीत त्याला सुप्रजननशास्त्र असे भारदस्त नाव मिळाले. चांगल्यांची संतती वाढवावी आणि वाईटांची थांबवावी, हा त्याचा गाभा. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला. व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये तसाच कायदा केला आणि तो न्यायालयात टिकतो का हे पाहण्यासाठी कॅरी बक नावाची एक तरुणी निवडली. तिची आई ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत ठेवलेली होती. कॅरी दुसऱ्या कुटुंबात वाढली. त्या कुटुंबाच्या एका नातलगाने बलात्कार केल्यामुळे ती गरोदर राहिली, आणि मग तिलाही त्याच संस्थेत पाठवण्यात आले. तिची मुलगी व्हिव्हियन तेव्हा काही महिन्यांची होती. तीन पिढ्यांचा दोष दाखवायचा तर बाळही सदोष असणे आवश्यक होते, म्हणून एका समाजसेविकेची साक्ष झाली. बाळाच्या चेहऱ्यात काहीतरी नेहमीसारखे नाही, पण नेमके काय ते सांगता येत नाही, असे तिने सांगितले. एवढ्या पुराव्यावर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२७ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला आणि न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी त्यात लिहिले की मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. त्याच वर्षी कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन शाळेत गेली, एका सत्रात तिचे नाव गुणवंतांच्या यादीत आले, आणि आठ वर्षांची असताना ती आजारपणात गेली. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली. जर्मनीत नाझी सरकारने १९३३ मध्ये केलेल्या कायद्याखाली सुमारे चार लाखांची. (आपल्याकडच्या आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण आपल्याला होईल, पण ती लोकसंख्येच्या नावाखाली झाली, तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.) निसर्गाला मदत करायला निघालेल्या या सरकारांनी प्रत्यक्षात कोणाला निवडले, तर गरिबांना, अनाथांना आणि ज्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते त्यांना. ही निवड निसर्गाने केलेली नव्हती, कचेरीतल्या टेबलावर झाली होती.

या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो आणि तो आपण पुतण्याला अवश्य सांगावा, कारण परदेशातले उदाहरण म्हणून तो झटकून टाकण्याची शक्यता आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा एक भाग अधिक विकसित असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते आणि इतर वंशांत हा फरक दिसत नाही, अशी त्यांची धारणा होती. कवट्या मोजून ते दाखवून देणे हे इरावतीबाईंचे काम. फिशर यांच्या संस्थेतल्या कवट्यांत जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. पंचविशीच्या आतली, परक्या देशातली, मार्गदर्शकाच्या मर्जीवर पदवी अवलंबून असलेली ही विद्यार्थिनी कवट्या एकामागून एक हातात घेऊन मोजत राहिली आणि शेवटी तिने लिहिले की वंश आणि कवटीची असमानता यांचा संबंध दिसत नाही. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला त्यांच्या संस्थेने विद्वत्तेचा शिक्का पुरवला. इरावतीबाईंनी पुढे महाराष्ट्रात स्वतःही जातीजातींची मापे घेतली, हे लपवण्याचे कारण नाही. पण एकाच नावाखाली मोडणारे निरनिराळे कुंभार रक्ताने एक नाहीत, असेच त्यांना त्यातून दिसत गेले. मोजपट्टी तीच असली तरी उत्तर आधी ठरवून मोजणारा आणि मोजून उत्तर लिहिणारा, यांत फरक असतो.

जातिव्यवस्थेला सुप्रजननशास्त्राचा टेकू देण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले, आणि डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये तयार केलेल्या भाषणात ते निकालात काढले. (भाषण आयोजकांनी रद्द केले, बाबासाहेबांनी ते छापून प्रसिद्ध केले.) त्यांतला एक मुद्दा मला फार आवडतो. जात ही रक्त शुद्ध राखण्यासाठी असेल, तर एकवेळ आंतरजातीय विवाहाला बंदी समजू शकते. पण सहभोजनाला बंदी कशासाठी? एकत्र जेवल्याने रक्तात काही भेसळ होत नाही. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचे नाते कोणते, पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार हेच एका वंशाचे नव्हेत का, असेही त्यांनी विचारले. शास्त्राचे नाव घेणाऱ्याला शास्त्राच्याच कसोटीवर उभे करायचे, ही ती रीत आहे. आपणही तीच वापरावी असे मी सुचवेन.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागेल, नाहीतर पुतण्या ती शोधून काढेल आणि आपल्यापुढे ठेवेल. डार्विन स्वतः आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून सुटलेला नव्हता. १८७१ च्या त्याच्या ग्रंथात, लस आणि दवाखाने यांमुळे दुबळी माणसे जगतात आणि त्यांची संतती वाढते, अशा अर्थाचा उतारा आहे, आणि ‘रानटी’ म्हणवल्या गेलेल्या लोकांविषयी आज वाचवत नाही असा मजकूरही आहे. मात्र त्या उताऱ्याच्या पुढेच त्याने म्हटले आहे की असहाय माणसाला मदत करण्याची प्रेरणा आपल्यातल्या सहानुभूतीतून आलेली आहे आणि ती दडपली तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भागच खराब होईल. पहिला उतारा उद्धृत करणारे बहुतेक लोक तेथेच थांबतात. तरीही माझे म्हणणे असे की, डार्विन सज्जन होता म्हणून सिद्धांत खरा ठरत नाही आणि त्याचे पूर्वग्रह होते म्हणून खोटाही ठरत नाही. तो आपला कुलगुरू नव्हे. त्याच्या वचनांपुढे हात जोडायचे नाहीत आणि त्याच्या चुकांची लाजही बाळगायची नाही.

यजमानांविषयी थोडे लिहितो, कारण ते पुतण्याइतके अडचणीचे नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कोठे लिहिलेले नाही, म्हणून डार्विन चूक आहे, असे तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते आणि देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींना त्यावर निवेदन काढावे लागले होते. मुद्दा सोपा आहे. आजच्या माकडापासून आजचा माणूस झाला असे कोणी म्हणतच नाही. आपला पुतण्या आणि त्याचे चुलत भाऊ यांचे आजोबा एकच, म्हणून चुलत भावापासून पुतण्या जन्मला असे होत नाही. चिंपांझी आणि माणूस यांचे नाते त्या प्रकारचे आहे, फक्त आजोबा काही दशलक्ष वर्षांपूर्वीचे. आणि बदल डोळ्यांनी पाहायचाच असेल तर औषधांना दाद न देणारा क्षयरोग पाहावा : औषधाचा कोर्स अर्धवट सोडला की जे जंतू त्या औषधातून वाचतात त्यांचीच संतती पुढे वाढते. एखाद्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारा, ते यजमानांना हे पाच मिनिटांत समजावून देतील. मला चिंता वेगळी वाटते. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि तो बारावीच्या जीवशास्त्रापुरता उरला. म्हणजे आपल्या पुतण्यासारखे जे अभियांत्रिकीकडे वळतील त्यांची या विषयाशी पहिली ओळख प्रचारपत्रकातूनच होईल. नाकारण्याचे राजकारण आणि दुरुपयोगाचे राजकारण एकमेकांना असे पोसते.

एक सावधगिरी आपल्यासाठीही. रागाच्या भरात ‘मुंग्या आणि मधमाश्या एकमेकांना मदत करतात, म्हणून निसर्ग समतेच्या बाजूचा आहे’ असे म्हणण्याचा मोह होईल. तो टाळावा. निसर्गात मदतही आहे आणि पिल्ले मारणारे सिंहही आहेत. ज्याला जे हवे ते त्यातून उचलता येते. सोव्हिएत संघात लिसेंको या सरकारमान्य कृषिशास्त्रज्ञाने हेच उलट्या बाजूने केले. आनुवंशिकशास्त्र भांडवलदारांचे म्हणून १९४८ मध्ये त्याच्यावर जवळजवळ बंदीच आली, आणि त्याआधी निकोलाय वाविलोवसारखा जगभरची बियाणी गोळा करणारा शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात उपासमारीने मेला. आरक्षण किती असावे, धान्य कोणाला द्यावे, कर्जमाफीने शेतकऱ्याचे खरोखर भले होते का, हे वादाचे विषय आहेत आणि त्यांवर पुतण्याचे मत आपल्यापेक्षा निराळे असू शकते. तो वाद संविधान, जमिनीची मालकी, शाळा, पाणी, बँकांचे हिशेब यांच्या आधारे व्हावा. त्यात जीवशास्त्राला साक्षीला बोलावण्याचे कारण नाही. त्याने यातले काही पाहिलेले नाही.

हे सगळे कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहू नका. तेथे तो माघार घेणार नाही, कारण पाहणारे सतरा जण असतील. तो घरी येईल तेव्हा चहा ठेवा आणि राज्य मंडळाचे दहावीचे विज्ञानाचे दुसरे पुस्तक समोर ठेवा; त्यातला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे. आरक्षण किंवा कर्जमाफी यांविषयीचे एखादे वाक्य त्यात सापडते का, ते त्यालाच शोधायला सांगा.

पत्रक मात्र जरूर तपासून द्या. शुद्धलेखन तपासणाऱ्याने मते बदलू नयेत, हे आपल्याला मी सांगायला नको. पण दुसऱ्याच्या नावावर खोटे विधान खपवले जात असेल तर ते दाखवून देणे त्याच्याच कामाचा भाग आहे. त्याचे आरक्षणाविषयीचे आणि कर्जमाफीविषयीचे मत तसेच ठेवा, ते त्याने स्वतःच्या किंवा उमेदवाराच्या नावावर मांडावे. फक्त डार्विनचे वाक्य खोडा आणि समासात ‘असे त्याने कोठे म्हटले आहे?’ एवढे लाल शाईने लिहा. ‘सिध्द’चे ‘सिद्ध’ करण्याची आपली दुरुस्ती मग वाया जाईल, पण त्याला इलाज नाही.